खोल भाजलेली जखम शस्त्रक्रियेविना भरते का?

प्रश्न (कोपरखैरणे): उकळते तेल सांडून आईचा हात खोलवर भाजला आहे. त्वचारोपण टाळता येईल असे काही नवे उपचार आहेत का?

उत्तर (ठाणे): सारे काही जखम किती खोल आहे यावर अवलंबून आहे. अननसातील ब्रोमेलेन विकरांचा (एन्झाइम्सचा) लेप, ज्याला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली, सुमारे ४ तासांत मृत त्वचा विरघळवतो आणि खालचा जिवंत थर शाबूत ठेवतो, त्यामुळे काही रुग्णांचे त्वचारोपण टळते.

उत्तर (वाशी): चांदीचे सूक्ष्मकण असलेली पट्टी काही दिवस तशीच ठेवता येते, रोजच्या ड्रेसिंगच्या वेदना टळल्या, हाच माझ्या वडिलांना सर्वांत मोठा दिलासा होता. हळद किंवा टूथपेस्ट कृपया लावू नका.

उत्तर (ऐरोली): इथे नॅशनल बर्न्स सेंटर आहे, आईंना आजच दाखवा. त्वचा पूर्ण जाडीने जळली असेल, तर मात्र रोपण टाळण्याचा आग्रह धरू नये.