मदत हवी आहे: आईच्या आठवणींचं पुस्तक राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी आत्मचरित्रात पाठवू की चरित्रात?

नमस्कार मंडळी,

आई (वय 78) बोलत गेली, मी रेकॉर्ड करून लिहून काढलं, आणि आम्ही नाशिकलाच स्वखर्चाने पुस्तक छापलं. निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत तिचं 'मी'. द्राक्षछाटणीची वाक्यंसुद्धा तिच्याच बोलीत ठेवलीत. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून तिचं नाव, आतल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून माझं. आयएसबीएन आहे, पहिलीच आवृत्ती आहे.

यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत आत्मचरित्राला लक्ष्मीबाई टिळकांच्या नावाचा पुरस्कार आहे, चरित्राला न. चिं. केळकरांच्या. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे आईचा जीव तिथेच अडकलाय.

माहितीपत्रक वाचलं, पण शब्दांकनाचा प्रश्न सुटला नाही. एक प्रकाशक म्हणाले, "चरित्रात टाका." वाचनालयातले एक ज्येष्ठ म्हणाले, "छे, हे आत्मचरित्रच." मलाही तेच पटतं, पण चुकीच्या प्रकारात गेलं म्हणून पुस्तक बाद व्हायला नको.

प्रवेशिका जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची आहे, फेऱ्या मारायला अडचण नाही. खासगी संस्थांचे पुरस्कार सध्या नकोत.

शब्दांकन असलेलं पुस्तक या पुरस्कारासाठी कुणी पाठवलंय का? कोणत्या प्रकारात स्वीकारलं गेलं, आणि प्रवेशिकेवर लेखक म्हणून एकट्या आईचं नाव चाललं का?