साठीच्या पुढच्या आई-बाबांसह स्पिती : मार्ग आणि मुक्काम कसे ठरवावेत?

प्रश्न

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आई-बाबांना घेऊन हिमाचलमधील स्पितीला जाण्याचा विचार आहे. दोघांनाही रोज चालण्याची सवय आहे. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. हाती आलेल्या एका आराखड्यात मनालीहून निघून पहिला मुक्काम चंद्रताल सरोवराजवळ, दुसरा स्पितीतले मुख्य गाव काझा इथे आणि तिसऱ्या दिवशी लांगझा, हिक्किम, कोमिक ही तिन्ही गावे असा क्रम आहे. तो योग्य आहे का, आणि उंचावरच्या गावात राहावे की काझाहून जाऊन परत यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. चंदीगड ते चंदीगड बारा दिवस काढता येतील.

प्रतिसाद १

ताई, हा क्रम कृपया स्वीकारू नका. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल ४,२५० मीटरच्या वर, म्हणजे एकाच दिवसात झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून अधिक वाढते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे, आणि तो तरुण, धडधाकट माणसांनाही लागू आहे; विरळ हवेचा त्रास वय किंवा व्यायाम पाहून होत नाही.

तुम्ही शिमल्याच्या बाजूने, किन्नौरमधून वर जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पहिली रात्र नारकंडा, मग दोन रात्री कल्पा (सुमारे २,९६० मीटर), त्यानंतर ताबो. वाटेत नाको लागते. गाव आणि तळे सुंदर आहे म्हणून अनेक जण तिथेच थांबतात, परंतु नाको ३,६०० मीटरच्या वर आहे आणि पुढचे ताबो त्याहून खाली, ३,२८० मीटरच्या आसपास. त्यामुळे नाको दिवसा पाहावे आणि झोपायला ताबोला उतरावे. ताबोला दोन रात्री द्याव्यात, कारण विश्रांतीबरोबरच तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, सावकाश पाहण्यासारखा आहे. इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेल्या या मठाच्या मातीच्या भिंती बाहेरून अगदी साध्या दिसतात; आत पाऊल टाकल्यावर काही क्षण अंधाराशिवाय काही जाणवत नाही, मग डोळे सरावतात तशा भिंतीवर ओळीने बसवलेल्या मूर्ती आणि त्यांच्याखालची चित्रे एकेक करून उमटू लागतात. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावरचे धनकर गाव पाहून ताबोलाच परत यावे.

पुढे काझाला दोन रात्री. 'की' गोंपा, किब्बर आणि चिचमचा पूल या मुक्कामातून होतात. आई-बाबांना डोकेदुखी, मळमळ किंवा झोप न लागणे यांचा त्रास नसेल, तरच एका रात्रीसाठी लांगझाला चढावे.

बाबांच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावेच. उंचीच्या त्रासासाठी असेटाझोलामाइड हे औषध देतात. ते बाबांना चालेल का हे डॉक्टरांनीच ठरवावे, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती आवर्जून सांगावी. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. किन्नौरमार्गे जाण्याचे नक्की करते. लांगझाला एक रात्र राहणे खरोखर आवश्यक आहे का? तिन्ही गावे एका दिवसात पाहून होतात, असे सगळीकडे वाचले.

प्रतिसाद २

गाडीने पाहून होतात, हे खरे. परंतु हिक्किमच्या टपाल कार्यालयातून पत्र टाकायचे, कोमिकच्या गोंपापाशी छायाचित्र काढायचे आणि परतायचे, एवढ्यात ही गावे कळत नाहीत. लांगझा सुमारे ४,४०० मीटरवर आहे; तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो, पाऊस जवळजवळ पडत नाही, आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर जव आणि वाटाणा पिकतो. घरात राहिल्यावर या शेतीचा अर्थ उमगतो. सपाट छपरावर हिवाळ्यासाठी चारा रचलेला असतो, आणि स्वयंपाकघरात मधोमध बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, तिच्यात शेण्या, भोवती भिंतीलगत बुटक्या बैठका. घरातले सगळे तिथेच जेवतात. त्या बैठकीवर बसून थुक्पा (शेवयांचे गरम सूप) खात म्हाताऱ्या आजींशी मोडक्या हिंदीत झालेल्या गप्पा आई-बाबांना कोणत्याही स्थळदर्शनाहून अधिक आवडतील, असे मला मनापासून वाटते. पहाटे समोर चौ चौ कांग निल्दाचे ६,३०३ मीटरचे शिखर दिसते.

मात्र शौचालय बहुधा कोरडे असते, वर माती टाकायची असते. पाणी दुर्मीळ असते, त्यामुळे अंघोळीचा आग्रह धरू नये. गावातली मुले जीवाश्म विकायला आणतात. एके काळच्या टेथिस समुद्रातले ते अवशेष त्या डोंगरातच राहायला हवेत, म्हणून विकत घेऊ नयेत. त्याऐवजी एक रात्र तिथे राहून पैसे थेट त्या घराला द्यावेत. रोख रक्कम पुरेशी जवळ ठेवावी.

प्रतिसाद १

परतीबद्दल थोडे. लांगझाहून काझाला उतरून एक रात्र काढावी आणि पहाटे कुंजूम खिंडीतून (सुमारे ४,५५० मीटर) मनाली गाठावी. इंधन काझालाच पूर्ण भरावे. खिंड उतरल्यावर लागणाऱ्या बातलनंतरचा रस्ता दगडगोट्यांचा आहे आणि दुपारी बर्फ वितळून ओढे चढतात, म्हणून उशीर करू नये. एव्हाना शरीर सरावलेले असल्याने वाटेत चंद्रताल पाहता येईल, परंतु त्या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा आई-बाबांसह तंबूत राहणे टाळावे. खिंडीत बर्फ पडल्याचे काझाला कळले, तर आल्या वाटेनेच परतावे. बारावा दिवस त्यासाठी मोकळा ठेवा, आणि तेही पुरणार नाही असे वाटल्यास लांगझाऐवजी कल्पाची दुसरी रात्र कमी करू नका, लांगझाच वगळा.