शेवटच्या घटकेला माफी मिळाली, मग सातबाऱ्याचं काय?

केळीवाडी (धागा सुरू)
गेल्या पावसाळ्यात माझे मोठे काका वारले. बाबा गेले त्या वर्षी काकांनी आईकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, 'सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे' असं सांगून. आई चौथी शिकलेली. सही येते, पण कागदावरचं सरकारी मराठी तिच्या बापालाही कळलं नसतं. मग फेरफार झाला, सातबाऱ्यावरून आमचं नाव गेलं आणि विहिरीसकट केळीची वाडी काकांची झाली.

शेवटच्या आठवड्यात फादर घरी येऊन गेले. कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली आणि क्षमा) झालं, कम्युनियन (पवित्र भाकर घेणं) झालं. मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) प्रवचनात क्रुसावरच्या चोराची गोष्ट आली, मरता मरता शरण आलेल्या चोराला शेजारच्या क्रुसावरून येशू म्हणतो, 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' आई दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होती. तिची माफी कुणीच मागितली नव्हती.

देव दयाळू आहे यावर माझं काही भांडण नाही. पण लुबाडलं आईला, आणि तिला बाजूला ठेवून परस्पर माफी? उधारी आमची, वही कोरी केली दुसऱ्यानंच. बायबलमधला लोकांना लुबाडणारा जक्कय जकातदार बघा (लूक 19). अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत, असं तो म्हणाला, आणि त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण (पापातून सुटका) मिळालं. आधी परतफेड, मग तारण.

नगरवाला
ताई, क्रम चुकला. जक्कय अजून उंबराच्या झाडावरच होता तेव्हा येशू म्हणाला, खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचंय. चौपटीचं बोलणं त्याच्यानंतरचं. कृपा आधी येते, तिच्यामुळे माणूस खिशात हात घालतो. आणि त्या चोराचे तर हातपाय खिळलेले होते, तो काय परत करणार? पापाचं वेतन मरण (रोम 6:23), ते ख्रिस्तानं भरलं. त्यात आपली भर घालायला गेलो की 1517 मध्ये धर्मसुधारक ल्यूथर ज्याच्यावर तुटून पडला तो पैसे घेऊन पापक्षमापत्रं विकण्याचा बाजार पुन्हा मांडावा लागेल.

तिरपागडा
मी चर्चवाला नाही, पण विचारतो. गुन्हा एकाचा, शिक्षा निर्दोषाला, आणि याला न्याय म्हणायचं? तुमच्याच बायबलात, यहेज्केलात (18:20) लिहिलंय की जो पाप करील तोच मरेल. आमची आजी म्हणायची, करावं तसं भरावं. संपलं.

नगरवाला
मित्राचा दंड मित्र भरतोच की.

तिरपागडा
दंड भरतो. फाशी जात नाही.

गिरीजकर
दोघंही मुद्दा सोडून चाललात. चर्चनं परतफेड माफ केलेली नाहीच. जुन्या काळातले चर्चचे मोठे आचार्य संत ऑगस्टिन, त्यांनी मॅसेडोनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र आहे. त्यात सरळ म्हटलंय की चोरलेली वस्तू परत करता येत असून केली नाही, तर तो पश्चात्ताप नव्हे, सोंग आहे. 1992 च्या कॅथलिक धर्मशिकवणीतला परिच्छेद 1459 वाचा. पापमुक्तीनं पाप जातं, पापानं केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. शक्य तेवढं भरून द्यायचं, आणि तिथं पहिलंच उदाहरण चोरलेला माल परत करण्याचं आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तर हिशोबच दिलाय (गणना 5): मुद्दल पूर्ण, वर पाचवा हिस्सा, आणि तेही ज्याचं नुकसान केलं त्याच्या हातात.

त्या फादरांनी काकांना काय सांगितलं ते आपल्याला कधीच कळणार नाही, ती गोष्ट कन्फेशनच्या बाहेर येत नाही. कदाचित 'वाडी परत कर' असंच सांगितलं असेल. मग प्रश्न काकांच्या पोरांचा आहे, देवाचा नाही.

उलटा मासा
केळीवाडीताई, राग मानू नका, पण तुम्ही बायबलमधल्या योना संदेष्ट्यासारख्या रुसून बसलाय. निनवे शहराचा नाश होणार असं त्यानं सांगितलं, निनवेनं पश्चात्ताप केला, देवानं नाश टाळला आणि हा शहराबाहेर वेलीखाली फुरंगटून बसला. गंमत म्हणजे 7व्या शतकात त्याच निनवेचा इसहाक नावाचा बिशप लिहून गेलाय की देवाला न्यायी म्हणूच नका. येशूच्या दाखल्यातल्या मळ्याच्या मालकासारखा, दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला तो सारखीच मजुरी देतो, हा कुठला न्याय? आणि आपण सगळे शेवटच्या तासाचेच मजूर आहोत.

केळीवाडी
निनवेकरांनी योनाची वाडी लाटली नव्हती हो. लाटली असती तर तो वेलीखाली नाही, तलाठ्याकडे बसला असता. आणि त्या मजुरांच्या दाखल्यात मालक स्वतःच्या खिशातून उदार होतो, सकाळच्या मजुराचा रुपया कापून नाही. मला खटकतं ते नेमकं हेच.

गिरीजकर, तुमचं पटलं. फक्त प्रवचनात हे कधी ऐकलं नाही.

मधलीआळी
ओडिशातलं मनोहरपूर आठवा. जानेवारी 1999, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची 10 आणि 6 वर्षांची दोन मुलं झोपेत गाडीत जाळली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली, कुणी मागायला न येता. पण क्षमा वेगळी आणि गुन्ह्याची शिक्षा वेगळी, हेही त्याच म्हणाल्या. मुख्य आरोपी दारा सिंगची जन्मठेप सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये कायम केली. क्षमा त्यांची, शिक्षा कोर्टाची. म्हणजे तुमच्या आईनं माफ केलं तरी दावा लावायला कुणाची हरकत नाही. (फसवून घेतलेला दस्त रद्द करायची मुदत फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. वकील गाठा, इथं बसू नका.)

नगरवाला
दावा लावा, जरूर लावा. पण तारणाचा निकाल दिवाणी कोर्टावर नका ठेवू.

केळीवाडी
मुदत कधीच टळली. फसवणूक आम्हाला पहिल्या फेरफारालाच कळली होती, पण घरातला माणूस म्हणून आईनं तोंड उघडू दिलं नाही.

परवा 2 नोव्हेंबरला, स्वर्गाआधी शुद्धिस्थानात थांबलेल्या मृतांसाठी प्रार्थना करायच्या दिवशी, कबरस्थानात गेलो. बाबांच्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावल्या आणि आई उरलेलं अख्खं पाकीट घेऊन काकांच्या कबरीकडे निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, यांच्यासाठी कशाला? वाऱ्यात पदर आडवा धरून तिनं एकेक पेटवली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांचं झालं असेल शुद्धिस्थानातलं. याला वेळ लागणार आहे."