मदत हवी आहे: पॉवरस्ट्रोक ६.० आणि ६.४ मध्ये नेमकं काय काय कॉमन आहे?

मंडळी, फोर्ड सुपर ड्यूटी पिकअप ट्रकच्या दोन पॉवरस्ट्रोक डिझेल इंजिनांची पार्टवार तुलना करतोय, २००३ वालं ६.० लिटर आणि २००८ ला आलेलं ६.४ लिटर. दोन्ही नॅविस्टार कंपनीने बनवलेली, दोन्ही व्ही८, स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हीत १०५ मिमीच, फक्त बोअर (सिलिंडरचा व्यास) ९५ वरून ९८.२ मिमी झालाय, त्यामुळे आधी वाटलं की ६.४ म्हणजे तेच इंजिन जरा मोठं केलंय, पण जसजसं खोलात जातोय तसतसं ते पटेनासं झालंय.

सगळ्यात मोठा फरक फ्युएल सिस्टीमचा. ६.० चे इंजेक्टर हाय प्रेशर ऑइलवर चालतात, म्हणजे ऑइल खराब तर इंजेक्टर पण गेला, आणि ६.४ ला थेट कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर पाइपातून डिझेल), पिझो (विजेवर उघडणारे) इंजेक्टर. टर्बोही एकाचे दोन झाले, वर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. सिलिंडर हेड ब्लॉकला आवळणारे हेड बोल्ट मात्र १४ मिमीचे १६ मिमी केले, हे मला फार आवडलं, कारण ६.० च्या हेड गॅस्केटचा त्रास सगळ्यांना माहीत आहे आणि दोन्हीत सिलिंडरभोवती बोल्ट चारच.

आता अडलंय ते इथे. ६.० चा ब्लॉक ड्रिल करून १६ मिमीचे स्टड टाकलेलं कोणी प्रत्यक्ष केलंय का, आणि टिकलं का? रॉकर, पुशरॉड, लिफ्टर यातलं काय एकमेकांना बसतं? ज्यांनी दोन्ही इंजिनं स्वतः उघडलीत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, पार्ट नंबर असतील तर फारच बरं.