कोविड: घरी उपचार चालू असताना ऑक्सिमीटर कसा वाचायचा आणि नंतर हालचाल कधी वाढवायची?

अनुजा_क
सासूबाईंना (वय ६७, मधुमेह, गोळ्या चालू, दमा नाही) कोविड झालाय. आज लक्षणांचा चौथा दिवस. ताप १०० ते १०१, कोरडा खोकला, जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलंय. ऑक्सिमीटरवर ९७ दिसतं आणि पाच मिनिटांनी अचानक ८६! आकडा खरा की खोटा हे कसं ओळखायचं? दवाखान्यात कधी हलवायचं? आणि ताप उतरल्यावर कामाला कधी हात लावू द्यायचा? स्वस्थ पडून राहणं त्यांना जमत नाही.

प्राणवायू
आधी ८६ चं बघू. पडद्यावरचे आकडे इंग्रजी असतात आणि यंत्र उलट्या बाजूने वाचलं तर ९८ चं थेट ८६ दिसतं. बऱ्याच यंत्रांत बटण दाबलं की आकडे फिरतात, म्हणून ही गफलत फार होते. दुसरी गफलत म्हणजे नाडीचा आकडा ऑक्सिजन म्हणून वाचणं. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी 'एसपीओटू' किंवा टक्क्याची खूण असते.

मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसवा. नेलपॉलिश किंवा काळी मेंदी काढा, ती निघत नसेल तर दुसरं बोट घ्या. बोटं गार असतील तर चोळून गरम करा, गार बोटात रक्त कमी येतं आणि आकडा खाली दिसतो. हात छातीशी टेकवून स्थिर ठेवा. सुरुवातीचे आकडे सोडून द्या, निदान ५ सेकंद एकच आकडा टिकला की तोच लिहा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

बसल्या जागी आकडा चांगला असला तरी चालण्याची चाचणी करा. सपाट जमिनीवर ६ मिनिटं चालवतात, साठीपुढच्यांना ३ मिनिटं. जिने नकोत, सोबत कुणीतरी हवंच. आकडा ९३ च्या खाली गेला, ३ अंकांहून जास्त घसरला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना. बसूनच आकडा ९३ च्या खाली असेल किंवा आधीच धाप लागत असेल तर ही चाचणी करूच नका, थेट हलवा. पाचव्या ते दहाव्या दिवसांत जास्त लक्ष ठेवा. ताप उतरत असतानाही ऑक्सिजन खाली जाऊ शकतो.

आकडा काहीही असो, बोलताना वाक्य तुटतंय, ओठ निळसर दिसतायत, छातीत दुखतंय, गोंधळल्यासारखं किंवा जास्त झोपाळू वाटतंय, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका.

औषधपेटी
वय आणि मधुमेह या दोन्ही कारणांनी विषाणूविरोधी गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. त्या लक्षणांच्या पहिल्या ५ दिवसांतच सुरू करतात. चालू गोळ्यांची यादी सोबत द्या, त्यांतल्या काहींशी त्या जुळत नाहीत.

तापाला पॅरासिटामॉल ६५०, दोन गोळ्यांत किमान ६ तास, दिवसाला ४ च्या वर नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांत बहुधा पॅरासिटामॉलच असतं. दोन्ही दिल्या तर मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला त्रास होतो. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

स्टेरॉइड स्वतःहून अजिबात नको. ब्रिटनमधल्या २०२० च्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच दिसला. मधुमेहात त्याने साखर उसळते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांत मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली होती. साखर रोज मोजा. जेवण निम्मं आहे हे डॉक्टरांना नक्की सांगा, कारण त्याप्रमाणे गोळ्यांची मात्रा बदलावी लागते.

वाफाळ
दिवसातून पाच वेळा वाफ द्या, विषाणू मरतो.

औषधपेटी
@वाफाळ, वाफेने चोंदलेलं नाक मोकळं वाटतं, विषाणू मरत नाही. डोक्यावर चादर आणि मांडीवर गरम पाण्याचं पातेलं ठेवलं की भाजण्याचा धोका असतो, त्यातून वयस्कर माणसाचा तोल जातो. कोमट पाण्याच्या गुळण्या पुरेत.

हळूहळू
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. ताप गेला म्हणजे आजार संपला असं नाही, आणि धडपड्या माणसाचं नेमकं इथेच बिघडतं. जास्त श्रमाचा थकवा त्याच वेळी येत नाही, तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी येतो. म्हणून आज बरं वाटलं म्हणून आज काम वाढवायचं नाही. आज केलेल्याचा परिणाम परवापर्यंत पाहायचा. थकवा वाढला तर काम निम्म्यावर आणा, दोन-तीन दिवस तसंच ठेवा, मग पुन्हा थोडं वाढवा.

पहिली अंघोळ स्टुलावर बसून, कोमट पाण्याने, आणि न्हाणीघराची कडी न लावता. भाजी निवडणं बसून चालेल. ओट्यापाशी उभं राहून पोळ्या लाटणं आणि वाकून पोछा मारणं बरंच नंतर. चालता चालता बोलता यायला हवं, ते जमेना झालं की तो वेग जास्त.

तीन चेंडूंचा स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) आणलात तर तो फुंकायचा नसतो, श्वास आत ओढायचा असतो. ताठ बसवा, यंत्र तिरकं धरू देऊ नका, तिरकं धरलं की चेंडू फसवे चढतात. झटक्यात तिन्ही उचलण्यापेक्षा एकच चेंडू सावकाश उचलून तीन सेकंद धरणं उपयोगाचं. गरगरलं की थांबा.

एका पोटरीला सूज किंवा दुखणं आलं तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

अनुजा_क
उलटंच वाचत होतो, बटणाने आकडे फिरत होते. आत्ता ५ मिनिटं बसवून मोजलं तर ९७. गोळ्यांसाठी डॉक्टरांना फोन लावते. वासच येत नाही म्हणतायत, त्याला काही करता येतं का?

हळूहळू
येतं, पण सर्दी ओसरल्यावर. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, प्रत्येक वास २० सेकंद हलकेच घ्यायचा, मध्ये थोडं थांबायचं. सकाळ-संध्याकाळ, निदान १२ आठवडे. तेल नाकात घालायचं नाही, कापसावर दोन थेंब पुरेत. तोपर्यंत स्वयंपाकघरात गॅसची गळती त्यांना कळणार नाही, शेगडीजवळ कुणीतरी असू द्या.