मॉर्निंग्टन, वेलस्ली, वेलिंग्टन: माणसे किती आणि किताब किती?

प्रश्न
करवीर नगर वाचन मंदिरात बसून दुसऱ्या मराठा-इंग्रज युद्धावर टिपणे काढत आहे. वसईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल एका पुस्तकात लॉर्ड मॉर्निंग्टन आहे, तर दुसऱ्यात मार्क्विस वेलस्ली. असईचा सेनापती कुठे जनरल वेलस्ली, तर कुठे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. शिवाय आज मॉर्निंग्टनची अर्लपदवी वेलिंग्टनच्या ड्यूकांच्या घरात आहे. थोरल्या भावाचा किताब धाकट्याच्या वंशाकडे कसा गेला, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर
माणसे दोनच, आणि ते सख्खे भाऊ. घराणे आयर्लंडमधले, मूळ आडनाव कॉली. १७२८ मध्ये रिचर्ड कॉली यांना वेस्ली घराण्याची डँगन येथील मालमत्ता मिळाली, तेव्हा त्यांनी ते आडनाव घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी त्याचे वेलस्ली केले. १७४६ मध्ये ते बॅरन मॉर्निंग्टन झाले, तर १७६० मध्ये त्यांचा मुलगा गॅरेट अर्ल झाला. या गॅरेटचा थोरला मुलगा रिचर्ड १७९८ मध्ये मॉर्निंग्टनचा अर्ल म्हणून कलकत्त्यास आला आणि श्रीरंगपट्टण पडल्यावर १७९९ मध्ये मार्क्विस वेलस्ली झाला. म्हणून ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाच्या संदर्भात त्याला मॉर्निंग्टन म्हणणे अचूक नव्हे.

धाकटा आर्थर २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला लढला तो मेजर जनरल म्हणून. त्याला वेलिंग्टन हे नाव मिळाले १८०९ मध्ये, स्पेनमधील तालावेराच्या लढाईनंतर, आणि ड्यूकपद १८१४ मध्ये. असईच्या वर्णनात वेलिंग्टन लिहिणे म्हणजे पुढची पदवी मागे लावणे होय, आणि आपल्याकडच्या पुस्तकांतही ही चूक होते याचे मला वाईट वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पण रिचर्डला मुलगे होते ना? आणि नसते, तर दत्तक घेता आला नसता का?

दुसरे उत्तर
कोल्हापूरकराला हा प्रश्न पडणारच, कारण राजर्षी शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटगे घराण्यातून १७ मार्च १८८४ रोजी दत्तक येऊन गादीवर आले. इंग्रजी सरदारकीत दत्तकाला किताबाचा हक्कच नाही. सगळे सनदेच्या शब्दांवर चालते, आणि सनद बहुधा मूळ धारकाच्या औरस पुरुष वंशापुरती असते. रिचर्डला मुलगे होते, पण ते त्याने १७९४ मध्ये त्यांच्या आईशी विवाह करण्यापूर्वी जन्मलेले. पुढे आईवडिलांचा विवाह झाला तरी तेव्हाच्या कायद्याने ते औरस ठरले नाहीत. तेवढ्यासाठी त्यांचा हक्क गेला, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

आता आपला मूळ प्रश्न. मार्क्विसची सनद रिचर्डच्या स्वतःच्या नावाची होती, त्यामुळे १८४२ मध्ये तो वारला तेव्हा ती पदवी संपली. अर्लपदाची सनद मात्र वडिलांच्या नावाची असल्याने वडिलांचे सगळे मुलगे तिच्या वारसाहक्कात येत होते. म्हणून ती आधी मधला भाऊ विल्यम याच्याकडे गेली, मग त्याच्या मुलाकडे आणि नातवाकडे. १८६३ मध्ये तो नातू वारल्यावर ती शाखा खुंटली आणि अर्लपद आर्थरच्या मुलाकडे, म्हणजे वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूककडे आले.