कुलाब्यातले हिप्पी गेले कुठे?

अनघा, दादर: आई सांगते, सत्तरच्या दशकात कुलाब्यात हिप्पी सर्रास दिसायचे. आता माझ्या वयाची मुलं ‘हिप्पी लूक’ म्हणून मण्यांच्या माळा ऑनलाइन मागवतात. मधे नक्की काय झालं?

दर्यावर्दी: मी कॉजवेमागच्या गल्लीत वाढलो, रोज बघायचो त्यांना. अनवाणी, वाढलेल्या जटा, एकेका खोलीत चारपाच जण. पैसे जमले की भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट, डेकचं तिकीट. आमचे वडील नाक मुरडायचे. आई मात्र पाणी विचारायची, कुणाची तरी लेकरं म्हणून. त्यांना नुसतं गंजेडी म्हणणं मला आजही लागतं. व्हिएतनाम युद्धाला नाही म्हणणारी, घरची सुबत्ता सोडून आलेली पोरं होती त्यांत.

येणं आटलं ते वाट तुटल्यामुळे. बरेचसे इस्तंबूल, तेहरान, काबूल असे जमिनीवरून यायचे. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. पुढे १९८५ चा अमली पदार्थ कायदा आला.

सुहास, पार्ले: गोव्यातल्या हणजुणेचा बुधवारचा बाजार बघा. परतीच्या भाड्यासाठी हिप्पी तिथे स्वतःच्या वस्तू विकायचे. आता सगळे व्यापारी, माल घाऊक.

अनघा, दादर: काका, त्यांच्यातलं कुणी इथेच राहिलं का?

दर्यावर्दी: हो गं, काही गोव्यात स्थायिक झाले. काही गणेशपुरीच्या आश्रमात रमले. आईला विचार, वज्रेश्वरीच्या एसटीत भगव्या लुंगीतले गोरे तिनेही पाहिले असतील.